बंदराच्या उताराला टाकी

परवा धाकट्या जावयांनी मोटार घेतली आणि मला दाखवायला नौपाड्यात आमच्या दाराशी आणून उभी केली. लेकीनं कुंकू लावलं, नारळ ओवाळला. मी आपली काठी टेकत चारी बाजूंनी फिरून बघितली. चाकांच्या रबरावर आडव्यातिडव्या चिरा होत्या. म्हटलं, "ह्या कशाला हो?" तर म्हणाले, "नक्षी आहे सासूबाई, शोभेला." जावयाला उलट बोलू नये म्हणतात, म्हणून घटकाभर गप्प बसले. पण पोटात राहीना. शेवटी म्हटलंच, "शोभेला नाही हो जावईबापू. पाण्याला पळायला वाट हवी म्हणून." ते हसले. त्यांना वाटलं असेल, म्हातारीचं वय झालं. आता त्यांना काय सांगू, की हे मला कल्याणात एका माणसानं शिकवलं, आणि तेव्हा मोटार नावाची चीज गावात कुणी ऐकलीसुद्धा नव्हती.

त्यांना सगळं गाव मास्तर म्हणायचं, मीही मास्तरच म्हणायची.

प्लेगाच्या आधीची गोष्ट आहे. आम्ही पेणहून, सासरच्या एकत्र घरातून नुकते बाहेर पडलो होतो. बाहेर पडलो म्हणजे काय, दिरांशी भांडून पडलो. माझ्या थोरल्या जावेच्या हाताखाली मी जे दिवस काढले ते माझं मला ठाऊक. यांना कल्याणात नोकरी लागली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. तांदळाचा एक मोठा व्यापारी होता, त्याला सगळे शेट म्हणत. त्याच्या धर्मादाय बांधकामांवर आमचे हे ओव्हरसिअर. मास्तरांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या आम्हाला राहायला मिळाल्या, पारनाक्याजवळ. लहानपणी हे कल्याणात मामाकडे राहून मास्तरांच्याच हाताखाली शिकलेले, म्हणून ती ओळख. जन्मात पहिल्यांदा माझी स्वतःची चूल झाली. ही नोकरी गेली तर परत पेण आणि परत ती जाऊ, हे मला झोपेतसुद्धा माहीत होतं.

मास्तर मागच्या खोलीत एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. इंग्रजी शाळेत गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवून घरी बसलेले. पहिल्या दिवशी सकाळी मी पाण्याला विहिरीवर गेले तर हे गृहस्थ भरलेल्या बादलीत फटाक् फटाक् पंजा मारतायत. मला वाटलं, झालं! वेड्याच्या घरात येऊन पडलो.

"सूनबाई, इकडे या. मारा बघू हात."

मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मारला.

"लागलं?"

"लागलं की."

"आता हळूच घाला."

घातला.

"आता?"

"नाही लागलं."

"पाणी तेच, हात तोच. मग मघाशी लागलं कुठून?"

म्हटलं, "मला काय ठाऊक मास्तर? माझा भात लावायचा राहिलाय." यावर ते इतके खूश होऊन हसले की मला माझीच लाज वाटली. मग म्हणाले, पाण्याला बाजूला व्हायला वेळ लागतो. तो दिला तर त्याच्यासारखं गरीब कोणी नाही. घाई केलीत तर ते जागचं हलत नाही, आणि मग त्याच्यावर आपटायचं किंवा त्याच्यावरून घसरायचं, एवढंच आपल्या हाती राहतं.

हे त्यांनी न्हाव्याला सांगितलेलं होतं, भाजीवालीला सांगितलेलं होतं, गल्लीतल्या प्रत्येक नव्या सुनेला सांगितलेलं होतं. साठी उलटलेला माणूस शेणाळे तळ्याच्या काठावर उभा राहून पाण्यावर खापऱ्या उडवायचा. खापरी टप्पे घेत पार पलीकडे जायची. लोक म्हणत, "मास्तर, हे काय आता या वयात?" तर म्हणायचे, "बुडत का नाही ते बघतोय." त्यांच्या खडावांच्या तळाला त्यांनी करवतीनं खाचा पाडून घेतल्या होत्या. ओल्या अंगणात सगळं गाव घसरून पडलं, पण मास्तर कधी पडले नाहीत. बायका हसायच्या, मास्तरांच्या खडावांना दात फुटलेत म्हणून.

आणि जिभेला हाड नाही! शेटच्या घरी श्राद्धाचं जेवण होतं. गुळगुळीत फरशीवर पंगत, फरशी नुकती पुसलेली, ओली. भटजींच्या पुढे वाढप्यानं कढत आमटीची वाटी ठेवली, तर वाटी आपोआप हातभर पुढे सरकली. कुणी हात लावला नाही, काही नाही. शेट हात जोडून उभे राहिले, डोळ्यांना पाणी आलं, वडील आले म्हणून. साऱ्या पंगतीला काटा आला. आणि आमचे मास्तर चौथ्या पानावरून ओरडले, "पितर नाहीत हो, पाणी आहे! वाटीखाली पाण्याचा पापुद्रा अडकला, त्यावर तरंगतेय!" एवढ्यावर थांबतील तर शपथ. उठून दुसरी वाटी आणून सरकवून दाखवली. भटजी पानावरून उठायला निघाले. घरी आल्यावर हे म्हणाले, "मास्तर, माझं अन्न त्या घरातून येतं हो." मास्तर म्हणाले, "मग मी काय खोटं बोललो?" त्यांना खरंच कळत नव्हतं, लोक का रागावतात ते.

शेट मात्र माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. भाविक होता. वडिलांच्या नावानं त्यानं बंदराचा उतार बांधायला घेतला. आधी तिथं नुसती माती. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, गाड्या रुतायच्या. खाडीत मिठाचे मचवे लागत आणि आगरी बायका डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन तो उतार चढून वर गाड्यांपर्यंत यायच्या. त्यांचे हाल पाहवत नसत. यांनी उन्हातान्हात उभं राहून काम करून घेतलं. काळा घडीव दगड, सांध्याला सांधा असा बसवलेला की पाण्याचा थेंब खाली उतरू नये. यांचं स्वतःच्या जबाबदारीवरचं हे पहिलं काम. लोक मुद्दाम बघायला यायचे आणि दगडावरून हात फिरवायचे. मला काय अभिमान वाटला होता तेव्हा! पेणला पत्र धाडलं होतं मी, जावेला कळावं म्हणून.

मास्तर बघून आले आणि ओसरीवर बसले. जेवायला बोलावलं तर उठले नाहीत. मग यांना म्हणाले, "अरे ओव्हरसिअर, तू रस्ता केलास की आरसा?"

शेटनं वर आणखी एक केलं. वडिलांना पुण्य लागावं म्हणून एक भिस्ती नेमला. बंदरावर येणाऱ्याच्या पायांना चटका बसू नये, धूळ उडू नये, म्हणून त्यानं सकाळ-दुपार त्या उतारावर कातड्याच्या पखालीतलं पाणी शिंपायचं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, भर पावसात मला भीती नाही, तेव्हा दगड धुऊन निघतो आणि लोकही जपून चालतात. पण वर धूळ आणि तिच्यावर थोडकंच पाणी, म्हणजे उताराला रोज साबण लावून ठेवल्यासारखं आहे. त्यातून शेटनं त्याच सुमाराला मुंबईहून नवी घोड्याची फेटन आणली. तिच्या चाकांना लोखंडी धावेच्या जागी रबराची धाव. आवाज नाही, धक्का नाही, गाव लोटलं होतं बघायला. मास्तरांनी चाकावरून बोट फिरवलं आणि कोचमनला म्हणाले, "हे गुळगुळीत आणि तो दगडही गुळगुळीत. मधल्या पाण्यानं जायचं कुठं?" कोचमन म्हणाला, "मास्तर, तुम्ही शाळेत असायला हवे होतात." सगळे हसले.

आमच्या गल्लीत टाकीवाल्या बायका यायच्या, पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणाऱ्या. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की मिरची नुसती घसरत राहते, वाटलीच जात नाही. मग छिन्नीनं टोचे मारून तो खरबरीत करायचा, ती टाकी. एक दिवस माझ्या पाट्याला टाकी लावून घेत होते, तर मास्तर येऊन समोर उकिडवेच बसले. सगळा पाटा होईपर्यंत हलले नाहीत. मग त्या बाईकडून तिची जुनी टाकी, म्हणजे ती छिन्नी, आणि हातोडी मागून घेतली आणि मला म्हणाले, "सूनबाई, उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात होतं, आणि मी मेला सहा महिने शेणाळ्यावर खापऱ्या उडवतोय."

दुसऱ्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की मास्तर बंदरावर. उतारावर बसकण मारायची आणि दगडाला टाकी द्यायची, ठक ठक ठक. डोक्याला ओला पंचा. एका कडेला पिंपळ होता, त्या बाजूनं त्यांनी सुरुवात केली, कारण मिठाच्या बायका सावलीनं तिकडून चढायच्या. त्यातली एक नवी लग्न झालेली पोर होती, सतत बडबडणारी. ती म्हणायची, "मास्तर, कं तासताव ओ दगर? बायकोचा पाटा हाय का?" मास्तर म्हणायचे, "तुझ्या पायांसाठी तासतोय बाई." आणि खरंच, टाकी लावलेल्या पट्ट्यावर पाय ठरायचा. हळूहळू साऱ्या बायका तिकडूनच ये-जा करायला लागल्या. दोन-अडीच महिन्यांत पिंपळाकडचा अर्धा उतार वरपासून खालपर्यंत खरबरीत झाला.

शेटच्या कानावर गेलंच. त्याच्या वडिलांच्या नावाचा दगड एक म्हातारा टोचून विद्रूप करतोय! त्यानं यांना बोलावून सांगितलं, "तुमचा घरमालक आहे. तुम्ही थांबवा, नाहीतर मी दुसरा ओव्हरसिअर बघतो."

हे घरी आले ते उतरलेल्या चेहऱ्यानंच. मी म्हटलं, "ठोकू दे की म्हाताऱ्याला दगड! तुमचं काय जातं?"

"नोकरी जाते," हे म्हणाले.

यांनी बंदरावर जाऊन मास्तरांच्या पायांना हात लावला. म्हणाले, "मास्तर, तुम्ही बरोबर असाल. पण मला परत भावांच्या दारात उभं करू नका." मास्तरांनी टाकी आणि हातोडी पंच्यात बांधली आणि यांच्याबरोबर घरी आले. मला म्हणाले, "सूनबाई, आज कढी करा." माणूस असा होता. साऱ्या गावाशी भांडला असता, पण विद्यार्थ्याची भाकरी त्याला मोडवली नाही.

दिवाळी होऊन गेली होती. आकाश स्वच्छ, पावसाचा मागमूस नाही. दुपारी भिस्ती शिंपून गेला होता. शेटकडे आलेल्या पाहुण्यांना मचव्यावर पोचवायचं होतं आणि ओहोटी लागली होती, म्हणून कोचमननं फेटन घाईनं उतारावर घातली. मध्यावर लगाम खेचला, ब्रेक दाबला. खालून बायका टोपल्या घेऊन चढत होत्या, पिंपळाच्या बाजूनं. गाडी सरळ खाली गेली नाही. गर्रकन फिरली ती पिंपळाकडे, आणि त्या बडबड्या पोरीला तिनं पाराशी चिरडलं. ती जागच्या जागी गेली. मीठ सगळं उतारावर सांडलं होतं.

पंचनामा तिथंच झाला. मामलेदार आले होते. आम्ही बायका बंदरावरच्या देवळाच्या ओट्यावर उभ्या होतो, तिथून सगळं ऐकू येत होतं. शेट खाली मान घालून उभा. कोचमन रडत होता. सारं गाव मास्तरांकडे बघत होतं, की आता म्हातारा बोलणार, मी सांगितलं होतं म्हणून. मलाही तेच वाटलं. मास्तर पुढे झाले, वाकून दगडांवरून हात फिरवला, आधी इकडच्या, मग तिकडच्या.

"गाडी का फिरली ते मी सांगतो," ते म्हणाले. "पिंपळाकडच्या चाकांना खरबरीत दगड मिळाला, ती धरली गेली. पलीकडची चाकं पाण्यावर होती, ती सुटली. होडीचं एकाच बाजूचं वल्हं पाण्यात रोवून धरलं तर होडी त्या बाजूला फिरते, तसं झालं. सगळा उतार गुळगुळीत असता तर गाडी सरळ खाडीत गेली असती. सगळा खरबरीत असता तर थांबली असती. अर्धा होता म्हणून ती या पोरीवर गेली. आणि अर्धा मी केला."

मामलेदारांनी विचारलं, "मग अर्धाच का सोडलात?"

मास्तर गप्प. ज्या माणसाला श्राद्धाच्या पंगतीत गप्प बसवलं नाही, तो माणूस गप्प. "म्हातारपण," म्हणाले, "हात दुखायला लागले."

तेवढं एक खोटं मी त्यांच्या तोंडून ऐकलं. आणि मग आमचे हे पुढे झाले. मला तिथून त्यांची पाठच दिसत होती. म्हणाले, "साहेब, हात दुखत नव्हते. मी थांबवलं त्यांना. माझ्या नोकरीसाठी."

पेण, जाऊ, ते सगळं घर डोळ्यांपुढे आलं. पण खरं सांगते, त्या दिवसाएवढी मी या माणसाची बायको कधीच नव्हते.

शेटनं त्याच संध्याकाळी यांना काढून टाकलं. उताराचं काय करायचं ते ठरवायला गावात बैठकी सुरू झाल्या. शेटच्या भावाला वाटे, वडिलांच्या नावाचं आहे, आहे तसंच ठेवावं. कोणी म्हणे नुसता भिस्ती बंद करा. मास्तरांनी टाकी-हातोडी माळ्यावर टाकून दिली होती. जेवणावरची वासना गेली. मी ताट नेऊन ठेवायची आणि तसंच परत आणायची. "मास्तर, दोन घास तरी," म्हटलं तर म्हणायचे, "सूनबाई, चाळीस वर्षं शिकवलं मी हे. एका बाजूला जोर आला तर वस्तू फिरते. पोरांच्या तोंडून घोकून घेतलं. आणि मला नाही दिसलं." मी आपली भिंतीला टेकून उभी राहायची.

पोरीचे दिवसवार झाले आणि एके सकाळी तिची आई आमच्या अंगणात येऊन बसली. काळी, हडकुळी बाई, मिठानं तळपाय चिरलेले. मला वाटलं, आता ही शिव्याशाप देणार, आणि देऊ दे, तिचा हक्क आहे. मास्तर बाहेर आले आणि तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

ती म्हणाली, "मास्तर, तुमचा दगर आरधाच ऱ्हायलाय."

मास्तरांना कळेना. म्हणाले, "बाई, माझ्या हातानंच तुमची पोर..."

"तुमच्या हाताचं मना नको सांगू," ती म्हणाली. "माजी धाकली पोर कालधरनं त्याच वाटनं मीठ न्हेते. टोपली कुनी उचलायची? तवा तुमी कुनाचं आयकून बसू नका. पुरा करा."

आमच्या ह्यांनी आत जाऊन माळ्यावरून टाकी-हातोडीचा पंचा काढला. शिवाय मी चूल फुंकताना बसते तो पाट घेतला, उतारावर बसायला. मास्तर म्हणाले, "अरे, आता तुला दुसरीकडे नोकरी बघायचीय. हे कुठं करत बसतोस?" हे म्हणाले, "चला मास्तर." एवढंच.

ती आई उताराच्या माथ्यावर बसून राहिली. गाडी आली की उठायची आणि आडवी व्हायची. कोणाची तिला हलवायची छाती झाली नाही, शेटच्या माणसांचीही नाही. भिस्ती आला तो पखाल तशीच घेऊन परत गेला. मी दुपारची भाकरी घेऊन खाली जायची. एक टाकी मास्तरांच्या हातात, टाकीवालीकडून मागून आणलेली दुसरी यांच्या. यांच्या तळहातांना फोड आले, फुटले, पण काम थांबलं नाही. संक्रांतीला आम्ही अजून तिथंच होतो, माझे तीळगूळ त्या पारावरच वाटले मी. पेणला जायचं ते त्यामुळे लांबत गेलं, आणि पुढे ठाण्याला यांना दुसरं काम लागलं, तेव्हा गेलोच नाही.

शेवटच्या दिवशी उताराच्या पार मधोमध दोन दगड राहिले होते. मास्तर त्यांच्यावर वाकून बसले होते, हे बाजूला उभे. खाली मचवा लागला आणि बायका चढायला लागल्या. सगळ्या सवयीनं पिंपळाकडून निघाल्या. त्या पोरीची धाकटी बहीण मात्र भरली टोपली डोक्यावर घेऊन सरळ मधून आली. तेरा-चौदा वर्षांची असेल. पाय भराभर टाकत होती, खाली बघतसुद्धा नव्हती. मास्तरांचा हात थांबला. ते तिच्या पावलांकडे बघत बसले. प्रत्येक पाऊल पडे आणि तिथंच राही.

ती अगदी त्यांच्यापाशी आली आणि थांबली.

"ओ मास्तर," ती करवादली, "भर वाटंत कं बसल्याव? सरका की! टोपली लय जर हाय."

मास्तर पटकन उठले आणि बाजूला सरकले.